पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन मित्रांनी मिळून करायचंय: खांब, दोरी, गाठ, सगळी तयारी

पिंपळपार
मंडळी, आम्ही दहा-बारा मित्रमैत्रिणींनी यंदा वसाहतीच्या पटांगणात १५ ऑगस्टचं झेंडावंदन स्वतः करायचं ठरवलंय. साधारण ८० माणसं, त्यात वीसेक मुलं. ध्वजस्तंभ नाही, तो उभारण्यापासून सुरुवात आहे. हातात तीन आठवडे. खांब किती उंच, झेंडा कुठल्या मापाचा, तो आत फुलं घालून कसा बांधायचा, वेळ कोणती ठेवायची, खाण्याचं काय, हे क्रमाने हवंय. विशेषतः चुका कुठे होतात ते सांगा.

लोखंडी
तीन आठवडे असतील तर खांब कायमचाच उभारा. २६ जानेवारी आणि १ मे आहेतच, मराठवाड्यात असाल तर १७ सप्टेंबरही आहे. एकदा केलेलं काम वर्षभर उपयोगी पडतं.

२ इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, मध्यम जाडीचा, म्हणजे दुकानात 'बी क्लास' म्हणतात तो, निळ्या पट्टीचा. अख्खा पाइप ६ मीटरचा, म्हणजे जवळजवळ २० फुटी मिळतो. कापू नका, जोडू नका. पाइप थेट काँक्रीटमध्ये गाडण्यापेक्षा अडीच इंची पाइपचा अडीच फुटांचा तुकडा बाही म्हणून काँक्रीटमध्ये बसवा आणि खांब त्यात उभा करून पाचरी ठोका. म्हणजे कप्पी अडकली किंवा रंग द्यायचा झाला तर खांब उतरवता येतो, कुणी वर चढायची वेळ येत नाही.

खड्डा २ फूट बाय २ फूट, खोली ३ फूट. तळाला सहा इंच खडी, बाही त्या खडीवर टेकवायची आणि तिचं खालचं तोंड उघडं ठेवायचं. ते बंद केलं तर बाहीत पाणी साठतं आणि पाइप नेमका जमिनीच्या पातळीवर, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, कुजतो. काँक्रीट १:२:४, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी, सिमेंटच्या दोन गोण्या पुरतात. माथ्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या.

पाणी मारून निदान सात दिवस द्यायचे, म्हणून ५ ऑगस्टच्या आत काँक्रीट पडलंच पाहिजे. पावसात भरत असाल तर वर ताडपत्री.

वरच्या तोंडाला टोपण वेल्ड करा, नाहीतर पाणी पाइपातून खाली उतरतं. कप्पी खांबापासून तीन इंच बाहेर आलेल्या पट्टीवर हवी. खांबाला चिकटून बसवली की झेंड्याची घडी खांबावर घासते आणि उघडताना अडते. दोरी गुंडाळायची खुंटी जमिनीपासून चार फुटांवर.

एक गोष्ट सगळ्यात आधी बघा: खांब आडवा असताना त्याच्या लांबीइतक्या परिसरात वरून विजेची तार जाते का. उभा करताना लोखंडी पाइप कलतो, आणि कलायला लागल्यावर तो चार माणसांनाही आवरत नाही. तार असेल तर जागा बदला.

गच्चीकर
खणायला जागा नसेल त्यांच्यासाठी: २०० लिटरचं लोखंडी पिंप, मधोमध १२ ते १४ फुटी पाइप, भोवती वाळू ठासून. कोरडी वाळूच तीनशे किलोच्या आसपास होते, खांब हलत नाही. पिंप आधी जागेवर ठेवा आणि मग भरा. गच्चीवर हे वजन कॉलमच्या डोक्यावर येऊ द्या, स्लॅबच्या मध्यावर नको.

पिंपळपार
लोखंडी, खूप आभार. खड्ड्याचं काम याच आठवड्यात घेतो. २० फुटी पाइप, अडीच फूट आत, म्हणजे वर साडेसतरा. मग झेंडा केवढा?

दोरखंड
ध्वजसंहितेत नऊ मापं ठरलेली आहेत, ६३०० बाय ४२०० मिलिमीटरपासून १५० बाय १०० पर्यंत. लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ३:२. तुमच्या खांबाला १३५० बाय ९०० बरोबर, म्हणजे साडेचार फूट बाय तीन फूट. झेंड्याची लांबी खांबाच्या उंचीच्या पाव ते तिसरा हिस्सा असली की डोळ्याला नीट दिसतं. १८०० बाय १२०० घेण्याचा मोह होतो. तो भिजला की वजनाने कप्पीची पट्टी वाकवतो, आणि हाताळायला माणसंही जास्त लागतात.

कापड: ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर यंत्रावर विणलेलं आणि पॉलिएस्टरही चालतं. तरी जमलं तर खादीचा घ्या. नांदेडला आणि कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला खादीचे झेंडे तयार होतात, खादी भांडारात मागणी नोंदवता येते. ऑगस्टच्या तोंडावर नेमकं मधलं माप संपतं, तेव्हा आजच सांगून ठेवा. खादीची एक अडचण मान्य करायला हवी: पावसात ती पाणी पिते आणि झेंडा खांबाला चिकटून लोंबतो. मुसळधार पावसाच्या गावात पॉलिएस्टर लवकर निथळतं.

घेताना चार गोष्टी तपासा. चक्र दोन्ही बाजूंनी दिसतंय ना, आरे २४ आहेत ना, तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे आहेत ना. आणि खांबाकडच्या पांढऱ्या नेफ्यात दोरी ओवलेली आहे ना. त्या दोरीच्या एका टोकाला लाकडी गुटका असतो, दुसऱ्या टोकाची दोरी खाली लोंबते. गुटका केशरी बाजूला. काही स्वस्त झेंड्यांत तो हिरव्या बाजूला शिवलेला सापडतो, आणि बांधणारा सवयीने गुटका वर घेतो. उलटा झेंडा फडकतो तो बहुतेक इथूनच.

दोरी: ६ ते ८ मिलिमीटरची पॉलिएस्टरची विणलेली. सुती दोरी भिजली की फुगते आणि कप्पीत रुतते. नायलॉन भिजल्यावर ताणतं, सकाळी घट्ट बांधलेली दोरी दुपारी सैल पडते. लांबी उंचीच्या दुप्पट अधिक चार-पाच फूट, म्हणजे तुम्हाला ४० फूट.

मृण्मयी
वेळेचं मी सांगते. महाराष्ट्रात १५ ऑगस्टचा मुख्य शासकीय समारंभ सकाळी ९.०५ ला असतो आणि ८.३५ ते ९.३५ या वेळात इतर कार्यक्रम ठेवू नयेत असं परिपत्रक निघतं. म्हणून एकतर ८.३५ च्या आत आटपायचं नाहीतर ९.३५ नंतर. यंदाचं परिपत्रक आलं की वाचून घ्या. मुलांना नंतर शाळेत जायचं असतं, त्यामुळे वसाहतीत ७.३० ची वेळ चांगली. पत्रिकेत ७.१५ लिहा.

पिंपळपार
७.३० पक्कं. आता घडी आणि गाठ सांगा. सगळ्यांना धाकधूक तिचीच आहे.

दोरखंड
नीट वाचा, आणि १४ तारखेच्या संध्याकाळी याच मापाच्या ओढणीवर चार-पाचदा करून बघा. सराव झेंड्यावर करू नका, तो चुरगळतो आणि जमिनीला लागायची भीती असते.

टेबलावर स्वच्छ चादर. झेंडा पसरा, नेफा डाव्या हाताला. दोघांनी मिळून लांबीत दुमडा, मग पुन्हा एकदा. साधारण नऊ इंची पट्टा होईल. आता मोकळ्या टोकाकडून नेफ्याकडे साडीच्या निऱ्या घालतात तशा निऱ्या घाला. गुंडाळी करू नका. गुंडाळी दमट हवेत स्वतःवरच चिकटून राहते आणि वर गेल्यावर अर्धीच उलगडते, निऱ्या मात्र स्वतःच्या वजनाने सुटतात.

फुलांच्या पाकळ्या निऱ्यांच्या मध्ये, दोन मुठी, जास्त नाही. झेंडू किंवा गुलाब. नुसत्या पाकळ्या, देठ आणि अख्खी फुलं नकोत, देठ खादीत अडकतो. पाकळ्या आदल्या रात्री वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली ठेवा. ओल्या पाकळ्यांचा गोळा होतो, तो एकदम खाली पडतो किंवा पडतच नाही, आणि पांढऱ्या पट्ट्यावर डाग उठतो. फडकवण्याआधी झेंड्यात पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेने परवानगी दिलेली आहे, ती शंका नको.

आता बांधणी. कप्पीवरून आलेल्या दोरीच्या एका टोकाला फास करा, त्यात गुटका अडकवा. ही वरची दोरी. दुसरं टोक नेफ्याच्या खालच्या दोरीला पक्कं बांधा. इथे निरगाठच हवी. ही खालची दोरी. खालच्या दोरीने घडीभोवती एकच वेढा घ्या, फार तर दीड. मग दोरीचा मोकळा भाग दुहेरी करून त्या वेढ्याखालून बोटभर सरकवा. झाली सुरगाठ. खाली ओढलं की दुहेरी भाग निसटतो, वेढा सैल पडतो, झेंडा उघडतो.

बिघाड होतो तो भीतीपोटी. घडी वर जाताना सुटेल म्हणून लोक तीन-चार वेढे घेतात, वरून आणखी एक गाठ मारतात. दोरी भिजली की ती घट्ट आवळते आणि मग कितीही ओढा. एका वेढ्यावर विश्वास ठेवा, फक्त वर चढवताना खालच्या दोरीला ताण देऊ नका, ती नुसती हातातून सोडत राहा.

घडी कप्पीपासून चार बोटं खाली आली की वरची दोरी खुंटीला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळून टाका. खालच्या दोरीला हाताच्या उंचीवर लाल दोरा बांधा आणि पाहुण्यांना आधीच दाखवून ठेवा: हीच ओढायची, सरळ खाली, एकदाच, ठामपणे. तिरकी ओढली की दोरी कप्पीच्या चाकावरून उतरून बाजूच्या फटीत जाते.

शेवटचा बाक
दोरखंड यांनी सांगितलेली रीत अचूक आहे, पण एक मूलभूत मुद्दा. घडी बांधून वरच्या टोकाला नेऊन उघडायची ही २६ जानेवारीची पद्धत. १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा, ध्वजारोहण म्हणतात ते त्यामुळेच. १९४७ साली एक राज्य संपून दुसरं सुरू झालं, नवा झेंडा खालून वर गेला, हा त्यातला अर्थ. दिल्लीत लाल किल्ल्यावर पंडित नेहरूंनी तो चढवला १६ ऑगस्ट १९४७ ला, आदल्या दिवशी नाही, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे. झेंडा संविधान सभेने स्वीकारला त्याच वर्षी २२ जुलैला.

आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही बघा. उघडा झेंडा वर चढवायचा तर सुरगाठ नको, निऱ्या नकोत, अडकायची भीतीच नाही. पावसाळ्यात याहून भरवशाचं काही नाही.

दोरखंड
मान्य. सोसायट्यांत दोन्ही दिवशी घडीच बांधतात ती पाकळ्यांच्या हौसेपायी. पिंपळपार, चढवायचाच असेल तर तीन माणसं हवीत. एक दोरी ओढणारा. दोघं झेंडा दोन्ही हातांवर आडवा धरणारे, एक नेफ्याकडे, एक मोकळ्या टोकाकडे. नेफा वर सरकला तसं कापड हातावरून सुटत जाईल, जमिनीला कोपराही लागता कामा नये. चढवताना झपझप, उतरवताना सावकाश, हा ध्वजसंहितेतला नियम. इथे खालच्या दोरीलाही हलका ताण हवा, नाहीतर वाऱ्याने झेंडा खांबाभोवती गुंडाळला जातो. पाकळ्या हव्याच असतील तर खाली परातीत ठेवून मुलांना उधळू द्या.

मृण्मयी
झेंडा उलटा गेला किंवा घडी उघडलीच नाही तर काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा. राष्ट्रगीत सुरू करायचं नाही. सगळे सावधानमध्येच थांबतील, झेंडा सावकाश खाली घ्यायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा चढवायचा. दोन मिनिटं लागतात. काठीने ढोसायचं नाही, कुणी खांबावर चढायचं नाही. 'सावधान' म्हणणाऱ्याने झेंडा पूर्ण वर गेलेला, केशरी पट्टा वर दिसलेला बघूनच 'एक साथ, राष्ट्रगीत शुरू कर' म्हणावं.

राष्ट्रगीत गळ्याने म्हणा, साधारण ५२ सेकंद. अडचण पट्टीची होते. कुणीतरी जोशात उंच सुरुवात करतं आणि 'जय हे' ला, जिथे सूर तार षड्जाला जातो, तिथे अर्धे लोक गप्प होतात. पेटी असेल तर पांढरी एक किंवा काळी एक धरा, स्त्री-पुरुष दोघांनाही झेपते. ध्वनिमुद्रित लावणारच असाल तर फाइल मोबाइलमध्ये उतरवून ठेवा आणि मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. इंटरनेटवरून थेट लावलं की आधी जाहिरात वाजते, किंवा मध्येच फोन येतो. त्यानंतर राज्यगीत.

सह्यवाट
आमच्याकडे बरेच मित्रांचे गट याच दिवशी गडावर झेंडा नेतात, त्यांच्यासाठी थोडं. केंद्र संरक्षित गडावर कार्यक्रम करायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि खणायचं तर मुळीच नाही. ९०० बाय ६०० चा पॉलिएस्टरचा झेंडा आणि दहा फुटी बांबू पुरे. बांबूला तीन दिशांना ताणाच्या दोऱ्या द्या, त्या दगडांना बांधा, तटबंदीच्या चिऱ्यांत काही ठोकू नका. बांबू चढताना एकाने उभा धरून नेऊ नये, दोघांनी आडवा न्यावा. विजा चमकत असतील तर उघड्या माथ्यावर काही उभं करायचं नाही, वाड्याच्या जोत्यापाशी, सखल जागी करा. झेंडा परत आणायचा, वर सोडून यायचं नाही. आठवड्याभरात तो फाटतो.

बाइकला झेंडा लावून निघायचा बेत असेल तर तो सोडा. वाहनावर राष्ट्रध्वज लावायचा मान ध्वजसंहितेने ठरावीक पदांनाच दिलाय. झेंडा पिशवीत, घडी करून न्या.

समुद्रकाठ
गोंयच्यान. आमच्याकडे १५ ऑगस्टबरोबर १९ डिसेंबरही येतो, १९६१ चा मुक्तिदिन. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यात महाराष्ट्रातून आलेलेही होते. तेव्हा या दिवसाची आठवण इकडे जरा वेगळी असते.

कामाचं सांगायचं तर समुद्राजवळ जीआयचं वेल्डिंग पहिल्याच पावसाळ्यात गंजतं, कारण वेल्ड करताना जस्त जळून जातं. त्या जागी झिंकचा रंग दोन हात द्या. कप्पी आणि तिचा खिळा स्टेनलेस स्टीलचाच घ्या. कोकणातल्यांनीही हेच करावं.

मृण्मयी
खाण्याकडे वळते. पंधरा ऑगस्टला जिलेबी हवीच. कोल्हापूरकडे तर त्या सकाळी चौकाचौकात कढया लागतात. ८० जणांना माणशी १०० ग्रॅम धरून ८ किलो. हलवायाला ८.१५ ला तळलेली हवी असं बजावून सांगा. सहाला तळून झाकणाच्या डब्यात भरलेली जिलेबी स्वतःच्याच वाफेने मऊ पडते, ऑगस्टच्या दमट हवेत तर नक्कीच. पसरट परातीत, कागदावर, झाकण न ठेवता आणा. एकावर एक रचू नका.

सोबत पोहे. किलोभर जाड पोह्यांत बारा बशा निघतात, म्हणजे पावणेसात किलो पोहे, तीन किलो कांदा. दोन-दोन किलोचे घाणे करा. एकदम केले की खालचे पोहे लगदा होतात. भिजवून चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, मीठ-साखर निथळल्यावरच लावा. चहा माणशी १०० मिली.

पिंपळपार
मृण्मयीताई, हे तर थेट यादीत उतरवलं. मुलांना कागदी झेंडे आणि तिरंग्याची रांगोळी काढायची आहे. आणि एकाने तिरंगी केक सुचवलाय. चालेल?

शेवटचा बाक
कागदी झेंडे चालतात, प्लास्टिकचे आणू नका. पण जितके वाटाल तितके मोजून परत घ्या. निघायच्या वाटेवर एक खोकं ठेवा, त्यावर 'झेंडे इथे द्या' लिहा आणि तिथे एक माणूस उभा करा. नुसतं खोकं ठेवून उपयोग होत नाही, दुपारपर्यंत गटाराच्या कडेला झेंडे दिसतात.

रांगोळी तीन रंगांची काढा, पण आयताकृती झेंडा आणि चक्र जमिनीवर काढू नका, पाय पडतोच. तिरंगी मोर, पणती, पानं काढा. केकबद्दल २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो कापणं गुन्हा ठरत नाही असं म्हटलंय. तरी चक्र असलेला झेंडाच सुरीने कापायचा, हे मुलांसमोर मला पटत नाही. जिलेबी आहे ना. कपड्यांचं म्हणाल तर कमरेखालच्या वस्त्रावर, रुमालावर, उशीवर झेंडा चालत नाही.

अटलांटापार
परदेशातल्यांसाठी दोन ओळी. अमेरिकेत १५ ऑगस्टला सुट्टी नसते, त्यामुळे मित्रांचे गट जवळचा रविवार धरतात. उद्यानातली जागा स्थानिक प्रशासनाकडून आधी नोंदवावी लागते. दोन्ही देशांचे झेंडे वेगळ्या खांबांवर, सारख्या उंचीवर आणि सारख्या मापाचे. अमेरिकेचा झेंडा स्वतःच्या उजव्या हाताला, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या डाव्या बाजूला. एकाच खांबावर वर-खाली दोन झेंडे कधीच नाहीत.

पिंपळपार
शेवटचा प्रश्न. संध्याकाळी उतरवायचा की ठेवायचा? आणि भिजलेला झेंडा ठेवायचा कसा?

दोरखंड
जुलै २०२२ च्या दुरुस्तीने नागरिकांना रात्रंदिवस फडकवायची मुभा आहे. तरी तुम्ही सूर्यास्ताला उतरवा. रात्रभर पावसात झेंडा गुंडाळला गेला, फाटला, तर बघायला कुणी नसतं. फाटलेला झेंडा फडकवत ठेवणं चूकच. उतरवायला दोन माणसं नावानिशी ठरवा. सकाळी ८० जण असतात, साडेसहाला कुणीच नसतं.

उतरवताना खाली दोघांनी हातांवर घ्यायचा. पिळायचा नाही, पिळलं की हिरवा-केशरी पांढऱ्यावर उतरतो. घरात, सावलीत, दांडीवर पूर्ण पसरून वाळवा, मधोमध दुमडून टांगलात तर दुमडीवर डाग राहतो. पूर्ण कोरडा झाल्यावर घडी: केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी पांढरा अशा रीतीने मुडपायचा की वर चक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसेल. सुती पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. कधी फाटला तर तुकडे न करता, अख्खा, चारचौघांत नाही तर खाजगीत, मानाने अग्नीला द्यायचा.

दोरी मात्र खांबावरच राहू द्या. फक्त तिची दोन्ही टोकं एकमेकांना बांधून खुंटीला गुंडाळा. एक टोक वाऱ्याने वर निघून गेलं तर २६ जानेवारीला पुन्हा खांब उतरवावा लागेल.

पिंपळपार
सगळं लिहून घेतलं. झेंडा खालून वर चढवायचं पक्कं केलं, पाकळ्या परातीत. खड्डा उद्या खणतोय. वर तार नाही, आत्ताच बघून आलो.

लोखंडी
उत्तम. पाइप घ्यायला जाल तेव्हा ओळंबा सोबत ठेवा. बाही काँक्रीटमध्ये बसवताना दोन बाजूंनी ओळंब्यात घ्या, ती जरा तिरकी बसली की साडेसतरा फुटांवर तो तिरकेपणा हातभर दिसतो.